पाऊल न वाजणारं घर

“बाई, तुम्ही सकाळी सकाळी मांजरीसारख्या का चालता?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि गरगर फिरणारी दोरी मधल्यामध्ये लोंबकळली. दोरीच्या या टोकाला उभी असलेली लंबू आभाळाकडे बघू लागली. त्या टोकाची चष्मिष चष्मा पुसू लागली. जणू या दोघींनी जन्मात कुणाशी कसली पैज लावलीच नव्हती, आणि मैदानाच्या मधोमध उभी राहून बाईंना मांजर म्हणणारी ही मुलगी कोण, कुठली, याची त्यांना गंधवार्ताच नव्हती.

खेळाच्या बाई नुकत्याच स्कूटरवरून उतरल्या होत्या. उजवा पाय पुढे, डावा नुसत्या चवड्यावर, टाच अधांतरी. मग कुंपणाचा आधार, मग पुन्हा तेच. रोज पहिल्या तासाला त्या अशाच यायच्या आणि मधल्या सुट्टीपर्यंत झकास सरळ चालू लागायच्या. याबद्दल वर्गात तीन मतं होती. लंबूचं मत, बाई मुलींना बेसावध पकडायला अशा येतात. चष्मिषचं मत, बाई पूर्वी स्टेजवर नाचत असणार. तिसरं मत मागच्या बाकाचं होतं आणि ते लिहिण्यासारखं नाही.

“विचारून दाखव,” असं काल डबा खाताना दोघींनी डिवचलं होतं. आणि हल्ली भोंग्याला कुणी ‘करून दाखव’ म्हटलं की झालंच.

भोंगा हे नाव बाबांनी याच वर्षी ठेवलं होतं. त्याआधी ती हजेरीला ‘हजर’ म्हणायची ते फक्त तिच्या बाकाला ऐकू जायचं. मग वक्तृत्वाच्या स्पर्धेत आयत्या वेळी एक मुलगी आजारी पडली, हिला धरून, ढकलून वर चढवलं, आणि घशात अडकलेली गोटी निघावी तसा तिचा आवाज निघाला. निघाला तो निघालाच. आता तो पुन्हा आत घालायची काही सोय नव्हती.

बाईंनी तोंडातली शिट्टी काढली.

“कुणी पाठवलं?”

“कुणी नाही. मीच आले.”

“खोटं. पण धीट आहेस. चल, भिंतीपाशी.”

शिक्षा, असंच सगळ्यांना वाटलं. पण बाई स्वतः भिंतीजवळच्या कट्ट्यावर टेकल्या, डावा बूट काढला, मोजा काढला आणि आपला तळपाय भोंग्याच्या नाकासमोर धरला. अख्खा वर्ग गोळा झाला. शिक्षकांना तळपाय असतात हेच मुळात पुष्कळ जणींना नवीन होतं.

“हे बघ. इथे टाच. इथून बोटांच्या मुळापर्यंत कातडीखाली एक जाड पट्टी असते. धनुष्याला दोरी असते ना, तशी. पायाची कमान तिने धरून ठेवलेली असते. ती रोजच्या रोज जास्त ताणली गेली की टाचेपाशी दुखावते. रात्रभर पाय पडून असतो, तेव्हा ती आखडून बसते. आणि सकाळी पहिलं पाऊल टाकलं की...” बाईंनी डोळे घट्ट मिटले. “काचेवर पाय दिल्यासारखं होतं. थोडं चाललं की सैल पडते, म्हणून दुपारी मी माणसासारखी चालते. फार वेळ उभं राहिलं की संध्याकाळी परत आहेच. डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. मांजर म्हणत नाहीत.”

“पण हे होतं कशाने?” भोंग्याने विचारलं. पैज एकाच प्रश्नाची होती, पण तिच्या तोंडाला हिशेब ठाऊक नव्हता.

“कडक फरशीवर तासन्‌तास उभं राहिल्याने होतं. पातळ तळव्यांच्या चपलांनी होतं. पोटऱ्या आखडलेल्या असल्या की होतं. माझं हौसेने झालं. सुट्टीत एकदम धावायला लागले, तेही झिजलेल्या बुटांत. आपल्याच पायावर धोंडा. आता हात भिंतीवर ठेव. एक पाय मागे. मागचा गुडघा सरळ, मागची टाच जमिनीला चिकटलेली. आता भिंतीवर रेल. पोटरीत ताण येतोय? धर तसाच. भिंत पडली तरी चालेल, टाच उचलायची नाही!”

त्या तासाला अख्खा वर्ग शाळेची भिंत ढकलत होता. मुख्याध्यापकांनी खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

मधल्या सुट्टीपर्यंत भोंगा टाचतज्ज्ञ झालेली होती. अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढून धरायची. गोठवलेल्या पाण्याची बाटली तळपायाखाली लाटायची, पण उघड्या कातडीवर नाही, बाटलीला मोजा घालायचा. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. आणि घाई करायची नाही, कारण हे दुखणं भाडेकरूसारखं असतं, महिनोन्‌महिने निघत नाही. फारच ठाण मांडून बसलं तर डॉक्टरांना दाखवायचं. हे सगळं तिने लंबूला ऐकवलं, चष्मिषला ऐकवलं, नळावर पाणी प्यायला आलेल्या छोट्या मुलींनाही ऐकवलं.

“एवढं कळतंय ना,” शेवटी चष्मिष कंटाळून म्हणाली, “तर एक टाच बरी करून दाखव.”

“एक काय, डझनभर करीन!”

“एकच कर. परीक्षेच्या आधी. खरीखुरी दुखणारी टाच, खरोखर बरी झालेली.”

“आणि नाही जमलं,” लंबूने भर घातली, “तर परिपाठाला माईकवर उभी राहून म्हणायचं, मला टाचेतलं ओ की ठो कळत नाही.”

भोंग्याने दोघींना टाळी दिली. जगात एवढी माणसं, प्रत्येकाला दोन टाचा. त्यातली एक मिळायला असा कितीसा वेळ लागणार होता?

पहिला रोगी तिने घरातच हेरून ठेवला होता.

तिच्या आईबाबांचं पादत्राणांचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. दुकानात कामाची वाटणी ठरलेली. बाबा बुटक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचे, अंगठ्याने चाचपायचे आणि पट्टी न लावता माप सांगायचे. आई गल्ल्यापाशी उभी राहायची आणि बाबांनी माप पुकारलं की शिडीवर चढून वरच्या फळीवरचा खोका काढायची, कारण उंचावरून खाली बघितलं की बाबांना गरगरायचं. दुसरं स्टूल दुकानात नव्हतं. गिऱ्हाईक उभं असताना गल्ल्यावरच्या माणसाने बसायचं नाही, असा आजोबांच्या वेळचा दंडक होता.

घरातल्या कुणाच्याही पायांत एका रंगाचा जोड नसायचा. दुकानाच्या काचेत प्रत्येक जोडातला एकच नग मांडलेला असे, तो उन्हाने विटायचा आणि खोक्यातला त्याचा भाऊ नवाकोरा राहायचा. असे जोड कोण विकत घेणार? ते घरी यायचे. भोंग्याचा शाळेचा डावा बूट काळा होता आणि उजवा, म्हटलं तर काळा. आईच्या दोन्ही सपाता पापडासारख्या पातळ, एक तपकिरी आणि दुसरी चहाच्या रंगाची. आणि त्याही जिन्याच्या तळाशीच काढून ठेवायच्या. “दिवसभर चपलाच बघायच्या, घरात तरी त्यांचं तोंड नको,” असं बाबा म्हणायचे. त्यामुळे चपला विकून जगणारं हे घर वरच्या गुळगुळीत फरशीवर अनवाणी वावरायचं.

“बाबा, तुमची टाच दुखते का?”

“माझं काय दुखत नाही ते विचार,” बाबा जेवता जेवता म्हणाले. “पाठ दुखते, मान दुखते, लोक माप सांगूनही दुसराच नंबर मागतात तेव्हा डोकं दुखतं.”

“टाचेचं बोला.”

“टाचही दुखत असेल. एवढं सगळं दुखतंय तर तीच कशाला मागे राहील!”

एवढं भोंग्याला पुरेसं होतं. तिने उभं राहून अख्खं व्याख्यान दिलं. धनुष्याची दोरी, सकाळची काच, पोटरी, बाटली, बाटलीचा मोजा. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती. “नळ बारीक कर ना गं आई, माझा आवाज जात नाही,” असं भोंगा म्हणाली तेव्हा बाबांना ठसका लागला. आईने मात्र नळ बंदच केला.

“भिंत पडली तरी चालेल,” भोंग्याने बाईंसारखं बोट उगारून समारोप केला, “टाच उचलायची नाही!”

“भिंतीचं नावच काढू नकोस,” बाबा म्हणाले. “तो काळा पट्टा बघितलास? झोपायच्या खोलीपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. हात पुसायला तुला भिंतच सापडते का गं?”

“मी नाही पुसत!”

“मग काय भिंत आपोआप मळते?”

पट्टा होता खरा. हाताच्या उंचीवर, रंग काळवंडलेला. भोंगा आणखी भांडली असती, पण बाटली गोठली होती.

उपचार फार टिकले नाहीत. बाटली तळपायाला लागताच बाबा ओरडले. मग हसले. मग त्यांना इतक्या गुदगुल्या झाल्या की पाय झटकला गेला आणि बाटली सुसाट निघून कपाटाखाली गेली. ती काढायला दोघं पालथी पडली, तेव्हा बाबांच्या पाठीत उसण भरली.

“टाच बरी झाली बघ,” ते जमिनीवरूनच म्हणाले. “आता पाठीचं बघ.”

पुढचे दिवस भोंग्याने दुसरीकडे टाचा शोधण्यात घालवले. रस्त्याने जाताना ती आता लोकांच्या तोंडाकडे बघायचीच नाही. कुणी लंगडताना दिसलं की हिच्या पायाला भिंगरी. बेकरीवाले काका लंगडत होते, पण त्यांच्या पायाला भोवरी निघाली. लंबूच्या काकूंना भिंत ढकलण्याचा व्यायाम फार आवडला, रोज करू लागल्या, मैत्रिणींना शिकवला. मात्र त्यांची टाच कधीच दुखत नव्हती. वाचनालयातले गृहस्थ फारच आशादायक पाय टाकत होते. ते चष्मा न लावता उलटसुलट बूट घालून आले होते.

“परीक्षा जवळ आली बरं का,” चष्मिष रोज आठवण करून द्यायची.

त्यातच बाटलीची भानगड सुरू झाली.

त्या दिवशीची बाटली भोंग्याने फ्रीजरमध्ये परत ठेवली होती, आडवी, अगदी मागे. एकदा सकाळी बर्फ काढताना तिने बघितलं तर बाटली पुढे, उभी, आणि आतला बर्फ मधोमध विरघळून पुन्हा धरलेला, कंबर बारीक झालेल्या बाईसारखा. तिने ती पुन्हा मागे, आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे, उभी.

भोंग्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाबा! सगळ्यांदेखत गुदगुल्यांचं नाटक, आणि पहाटे गुपचूप उपचार!

“बाबा, खरं सांगा. टाच कशी आहे?”

“कुणाची?”

“असू दे,” ती गूढ हसून म्हणाली. चोराला रंगेहाथ पकडायला हवं होतं. पुरावा मिळाला की पैज जिंकलीच.

अडचण एकच. भोंग्याला उठवणं म्हणजे विहिरीतून हत्ती काढणं. गजर तिला ऐकू जायचा तो स्वप्नात, आणि स्वप्नात ती तो बंद करून टाकायची. या घरात सगळ्यांच्या आधी उठायची ती आई, इतक्या आधी, की तिला उठताना कधी कुणी पाहिलेलंच नव्हतं. बाबांना त्याचं भारी कौतुक. दुकानात मऊ सपाता दाखवताना ते हमखास सांगायचे, “आमची ही सकाळी घरभर वावरते, पण पाऊल म्हणून वाजत नाही. चवड्यांवर चालते हो! आमची झोप मोडू नये म्हणून.” गिऱ्हाईक म्हणायचं, नशीबवान आहात. शिडीवरून आई म्हणायची, “अहो, नंबर सांगा ना.”

मावशी मात्र आईवर रुसली होती. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की दोघी बहिणी तळ्याकाठी चक्कर मारायला जायच्या; पार लग्नाआधीपासूनचा शिरस्ता. दोन महिने झाले, आई जात नव्हती. “कंटाळा येतो गं,” एवढंच म्हणायची. मावशी खालूनच हाक मारायची, नाही ऐकलं की फणकाऱ्याने एकटीच जायची आणि आता तर हाक मारायचीही थांबली होती. “बहिणीबहिणींचं काहीतरी बिनसलंय,” बाबा म्हणाले होते. “आपण मधे पडायचं नाही.” आई हल्ली संध्याकाळी खिडकीत बसून तळ्याकडे बघत भाजी निवडायची.

गजराचा काही उपयोग नाही म्हटल्यावर भोंग्याने झोपताना तांब्याभर पाणी पिऊन घेतलं. युक्ती गावठी, पण रामबाण. पहाटे तिला उठावंच लागलं, आणि उठल्यावर ती परत अंथरुणात न जाता स्वयंपाकघरातल्या दाराआड जाऊन उभी राहिली. फरशी बर्फासारखी गार. बाबा आले की काय म्हणायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं: “हात वर! बाटली खाली!”

दार किलकिलं झालं. पाऊल वाजलं नाही.

बाबा नव्हतेच. आई होती. एक हात भिंतीवर, त्या काळ्या पट्ट्यावर, बरोबर त्याच उंचीवर. डावी टाच अधांतरी, चवड्यावर पाऊल, मग थांबून भिंतीला कपाळ टेकलं, मग आणखी एक पाऊल. ओठ आत मिटून घेतलेले. भोंग्याने हे चालणं कुठे पाहिलं होतं ते तिला आठवायची गरज पडली नाही.

आईने पालथ्या बादलीवर बसून घेतलं. फ्रीजरमधून बाटली काढली. गाऊनच्या खिशातून बाबांचा जुना मोजा काढून बाटलीला घातला, बाळाला झबलं घालावं तसा नीट ओढून. मग पाय ठेवून ती लाटू लागली. थोड्या वेळाने उठली, दोन्ही हात भिंतीवर ठेवले, एक पाय मागे घेतला आणि स्वतःशीच पुटपुटली.

“मागचा गुडघा सरळ. टाच चिकटलेली. भिंत पडली तरी चालेल...”

दाराआड भोंग्याने तोंडावर हात दाबला. व्याख्यानातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. तेव्हा बाबांना ठसका लागला होता, आईने नळ बंद केला होता.

आईने पाय बदलला, मग परत बदलला. मग जपून डावी टाच फरशीवर टेकवली. जरा थबकली. आणखी थोडा भार दिला. आणि तोंड वाकडं न करता ओट्यापर्यंत चालत गेली. पूर्ण तळपायाने. पाऊल वाजलं, अगदी हलकं, पण वाजलं.

आईला ते आवडलं असावं. ती ओट्यापासून बादलीपर्यंत उगाचच परत चालून आली.

म्हणजे टाच मिळाली होती. खरीखुरी दुखणारी, खरोखर बरी होऊ लागलेली. भोंग्याच्या तोंडात आरोळी अगदी दातांपर्यंत आली होती. तेवढ्यात आतल्या खोलीत बाबा कुशीवर वळल्याचा आवाज झाला, आणि आईने कुणीतरी चोरी पकडल्यासारखा झटकन मोजा काढून खिशात कोंबला, बाटली फ्रीजरमध्ये ढकलली, पुढे, उभी, आणि शेगडी पेटवून पाठमोरी झाली.

आरोळी भोंग्याने गिळली. आई बाल्कनीतून दुधाची पिशवी दोरीने वर ओढायला गेली तेव्हा ती चवड्यांवर आपल्या अंथरुणात परतली आणि डोळे मिटून पडून राहिली. बऱ्याच वेळाने आई तिला उठवायला आली.

“ऊठ गं. किती तो आळस!”

“पाच मिनिटं,” भोंगा म्हणाली. नेहमीप्रमाणेच म्हणाली, पण आवाज जरा वेगळा आला असावा, कारण आईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात परिपाठाला भोंगा माईकपाशी गेली. लंबू आणि चष्मिष पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या.

“कुणीच नाही सापडलं?” ती वर जात असताना चष्मिषने विचारलं होतं. तिला चांगलंच भांडण अपेक्षित होतं.

“नाही.”

“अगं निदान बाबांचं नाव तरी सांग!”

“त्यांना गुदगुल्या होतात.”

माईक खरखरला. “मला टाचेतलं,” भोंगा खणखणीत म्हणाली, “ओ की ठो कळत नाही.” शाळा हसली. खालच्या वर्गातल्या मुलींनी टाळ्याही वाजवल्या, कारण त्यांना वाटलं नाटुकली सुरू होतेय. खेळाच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या खांबाला टेकून भोंग्याच्या बुटांकडे बघत होत्या, काळ्या आणि म्हटलं तर काळ्या.

नंतर नळापाशी बाईंनी तिला गाठलं.

“एवढं पाठ केलंस आणि कळत नाही?”

भोंग्याने ओंजळीतलं पाणी सांडून टाकलं. मग म्हणाली, “बाई, एक विचारू? कुणी डिवचलेलं नाही.”

“विचार.”

“समजा एखाद्याची टाच दुखतेय आणि तो सांगत नाहीये. तर काय करायचं?”

“तू काय करणार होतीस?”

“ओरडणार होते.”

“आणि?”

“ओरडले नाही.”

बाईंनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. “मीसुद्धा वर्षभर सांगितलं नव्हतं कुणाला,” त्या म्हणाल्या. “खेळाची बाई आणि लंगडते, लोक काय म्हणतील! तू तोंड वर करून विचारलंस आणि सुटले. पण सगळ्यांना असं सुटता येत नाही. त्यांच्या तोंडून वदवून कशाला घ्यायचं? त्यांची सकाळ तेवढी सोपी करायची.” त्या निघाल्या आणि वळून म्हणाल्या, “आणि ज्याची कुणाची टाच आहे ना, त्याला म्हणावं शिडीबिडीवर चढू नये.”

बाई दुकानात बूट घ्यायला येऊन गेल्या होत्या, हे भोंग्याला फार उशिरा आठवलं.

त्या संध्याकाळी जेवणं आटोपली. बाबा पाय पसरून बसले होते, आई टेबलापाशी खुर्चीत बसून हिशेबाची चोपडी आवरत होती. भोंगा लंगडत आली. जरा जास्तच लंगडत आली.

“माझी टाच दुखते,” तिने जाहीर केलं.

“भाषण करून करून दुखायचा तो घसा,” बाबा म्हणाले. “दाखव इकडे.”

त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला, गिऱ्हाइकाचा घेतात तसा. पाय हातात आला की बाबांचा चेहरा बदलायचा. थट्टा संपायची. अंगठा टाचेवर टेकला.

“आई गं!” भोंगा किंचाळली.

“अजून दाबलंच नाही.”

“म्हणजे दाबल्यावर जास्तच दुखेल!”

अंगठा मागून पुढे सरकत गेला. टाचेची कड, टाचेचा मध्य. भोंगा प्रत्येक ठिकाणी इमानेइतबारे किंचाळली. पण किंचाळता किंचाळता तिचं लक्ष आईकडे गेलं. आई चोपडी हातात धरून बाबांच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा टाचेच्या पुढच्या, आतल्या बाजूला आला, जिथून ती पट्टी निघते बरोबर तिथे, आणि त्यांनी जोरात दाबलं.

भोंगा ओरडायची विसरली.

“स्स,” असा आवाज आला, तो आईच्या तोंडून.

बाबांचा अंगठा तिथेच राहिला. त्यांनी वर बघितलं नाही. मांडीवरच्या पायाकडे बघितलं, मग टेबलाखाली. फरशीवर आईचा उजवा पाय होता. डावा खुर्चीच्या दांडीवर, टाच हवेत. आईने तो सावकाश खाली घेतला. चोपडीचं पान उलटलं. त्या पानावर काहीच नव्हतं.

“दुखतंय खरं,” बाबा म्हणाले. कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

ते उठले आणि जिना उतरून गेले. खाली कुलूप उघडल्याचा आवाज झाला, मग शिडी ओढल्याचा. आई अर्धवट उठली. “अहो, गरगरेल!” बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग बाबा घामाघूम होऊन वर आले. हातात खोका. त्यातून त्यांनी सपातांचा एक जोड काढला, जाड तळव्यांचा, टाचेला मऊ गादी असलेला. दोन्ही नग एकाच रंगाचे. काचेत न मांडलेले.

“भोंग्यासाठी आणल्या,” ते म्हणाले आणि फरशीवर ठेवल्या. भोंग्याच्या पायांत त्या होडीसारख्या झाल्या. माप चुकलं होतं. बाबांचं माप कधी चुकत नसे.

“मोठ्या झाल्या का? मग राहू दे. तुझ्या आईला होतील.” त्यांनी घाम पुसला. “आणि हे बघा, वरच्या फळीवरचा माल मी उद्या खाली घेणार. ती शिडी बघूनच मला चक्कर येते, दुकानात नकोच ती. गल्ल्यापाशी एक स्टूलही ठेवू म्हणतो.”

“आणि मामंजींचा दंडक?” आईने विचारलं.

“त्यांची टाच दुखत नव्हती. भोंग्याची दुखते.”

आईने सपातांत पाय घातले. दोन पावलं चालून बघितलं. घरात चप्पल वाजली, पहिल्यांदाच. आई भोंग्याकडे बघू लागली, बाटलीला मोजा घालताना बघत होती तशी, नीट, निरखून. आता ती काहीतरी विचारणार हे दिसताच भोंगा खुर्चीवर चढून उभी राहिली. दोन्ही पायांवर, ठणठणीत. लंगडायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

“मी एक ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्यापासून या घरात सगळ्यांच्या आधी मी उठणार.”

“तू?” बाबांनी कपाळाला हात लावला. “आणि तुला कोण उठवणार?”

“ते माझं मी बघते. तांब्याभर पाण्यात होतं ते. आणि मी बाटली घेऊन अंथरुणापाशी येईपर्यंत कुणीही जमिनीवर पाय टाकायचा नाही. कुणीही म्हणजे कुणीही. परीक्षा संपली की भिंतीवरचा तो पट्टासुद्धा मीच पुसून काढणार.” ती आईकडे न बघता म्हणाली, “माझ्याच हातांचा आहे तो.”